आधी चक्की वेगळी करा

सिलिअ‍ॅक रोगाचं निदान होतं, डॉक्टर कागदावर 'गहू पूर्ण बंद' असं लिहून देतात आणि पुसदमधलं घर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी करतं. मोबाइलवरून 'ग्लुटेन-फ्री' पिठाची पाकिटं मागवतं. आणि पाकिटं येईपर्यंत लेकराच्या पोटात काही जावं म्हणून नेहमीच्या चक्कीवरून ज्वारी दळून आणतं. पाकिटांपायी महिन्याचा किराणा कोलमडतो. चक्कीवरच्या पिठापायी लेकराचं पोट पुन्हा बिघडतं, आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "याले तं ज्वारीबी सोसत नाही." ज्वारी सोसते. त्या चक्कीतून ज्वारीच्या आधी जो गहू दळला गेला, तो सोसत नाही.

पुसदला ग्लुटेन नसलेलं चांगलं, परवडणारं अन्न मिळतं का? मिळायलाच हवं, कारण ते याच काळ्या मातीत पिकत आलं आहे. मिळत नाही, कारण आपण ते आधी शेतातून घालवलं, मग रेशनमध्ये येऊ दिलं नाही आणि जे उरलं ते चक्कीवर गव्हात मिसळलं. पुण्या-मुंबईच्या मॉलमधली मांडणी पुसदला नाही म्हणून कुणी हळहळू नये. हळहळ करायची तर ज्वारीची करा.

आधी आजाराचं बोलतो, कारण त्याबद्दल गावात फार कमी बोललं जातं. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक ताणली जाते, पाव फुगतो, तो त्याच्यामुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लेकराचं पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, उंची खुंटलेली. मोठ्या माणसाला सततचा थकवा, आणि लोहाच्या गोळ्या वर्षभर गिळूनही रक्त वाढत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, हाच उपचार.

विदर्भात हा रोग दडून राहायला मोठी जागा आहे. रक्त कमी म्हटलं की सिकलसेलची शंका येते, लेकरू बारीक म्हटलं की कुपोषणाची. दोन्ही शंका इथे रास्त आहेत, दोन्ही आजार इथे आहेत. पण सिकलसेलची तपासणी निर्दोष आली आणि खाऊनपिऊनही लेकराचं वजन हलत नसेल, तर रक्तातली टीटीजी ही तपासणी डॉक्टरांना आठवणीनं विचारावी. ती संशयास्पद आली तर दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासतात. आणि एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी: तपासणीच्या आधी स्वतःच्या मनानं गहू सोडायचा नाही. गहू सोडला की रक्तातल्या खुणा पुसट होतात, रोग असूनही अहवाल 'नाही' म्हणतो, आणि पुढची कित्येक वर्षं वाया जातात.

वजन उतरवण्यासाठी गहू सोडणारे लोक वेगळे. त्यांनी खुशाल सोडावा. पण त्यांच्यासाठी सजवलेली पाकिटं पाहून दुकानदार, नातेवाईक आणि आचारी असं समजून बसले आहेत की 'ग्लुटेन-फ्री' म्हणजे श्रीमंतांचं फॅड. याची किंमत खरा रोगी मोजतो. त्याला पंगतीत म्हणतात, "अर्धी पुरी खाल्ल्यानं काय होते, भाऊ?"

काय होते, ते सांगतो. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पथ्य पाळून बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी काहींना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं. तेवढ्यानं त्यांच्या आतड्याच्या अस्तराला पुन्हा इजा झाली. आपल्या एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग रोज पोटात गेला तरी नुकसान होतं. अर्धी पुरी लांबच राहिली.

गहू आणि हा रोग यांचं नातं नेदरलंडमधल्या विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञानं उलगडलं. त्याला १९३० च्या दशकापासून गव्हावर संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे त्या देशात पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी मरत होती, आणि नेमकी त्याच्याकडची आजारी मुलं त्या काळात सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५० साली त्यानं आपला प्रबंध मांडला.

त्याहून मोलाची पाहणी आपल्या देशातली आहे. २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. उत्तरेत हरियाणा, ईशान्येत आसाम आणि दक्षिणेत वेल्लोर, मिळून तेवीस हजारांवर माणसं तपासली. उत्तरेत दर शंभरात १.२३ लोकांना सिलिअ‍ॅक निघाला, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत अवघा ०.१०. या रोगाकडे झुकवणारी जनुकं मात्र तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती, शंभरातल्या तिसाहून अधिक लोकांत. फरक ताटात होता. उत्तरेत माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, वेल्लोरकडे २५ ग्रॅम. आसाममध्येही गहू थोडाच खाल्ला जात होता आणि रोग मात्र बराच निघाला, म्हणजे सगळा हिशेब एकट्या गव्हावर बसत नाही, हेही खरं. पण उत्तर आणि दक्षिण यांच्यातली बारापट तफावत डोळ्याआड करता येत नाही.

महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. पण आपलं ताट कुठून कुठे सरकलं, ते सांगायला पाहणी लागत नाही. पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस हा सगळा पट्टा दोन पिढ्यांपूर्वी ज्वारी खाऊन जगत होता. भाकर, कण्या, आंबील, उन्हाळ्यात वाळवलेले धापोडे. तांड्यावर आणि गावात, दोन्हीकडे. पोळी सणाला, पाहुण्याला. आज शाळकरी पोराच्या डब्यात दोन्ही वेळा पोळी आहे, चहाबरोबर टोस्ट आहे, संध्याकाळी नूडल्स आहेत. जनुकं तीच राहिली आणि गहू कित्येक पटींनी वाढला. माझं मत आहे की आपल्याकडे हा रोग आता अधिक दिसू लागेल, आणि त्याच वेळी त्याचं पथ्य पाळायला लागणारी ज्वारी घरातून गेलेली असेल.

ही ज्वारी पुसदमधून जावी, याचं मला विशेष दुःख आहे. वसंतराव नाईक इथले. जन्म १ जुलै १९१३, जवळच्या गहुलीचा. १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. त्यांच्या जन्मदिवशी राज्य कृषी दिन पाळतं. त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला राज्यात धान्याचा तुटवडा होता, अमेरिकेहून आलेला लाल मिलो कुपनावर मिळायचा आणि लोक तो नाक मुरडत खायचे. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. नाईकांनी हायब्रीड ज्वारी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्यासाठी सरकार कामाला लावलं. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांना विचारा, त्यानंतरच्या सुगीत घरात ज्वारीची रास पडणं म्हणजे काय होतं.

पुढे ती रास आटली. याचा दोष मी शेतकऱ्याला देणार नाही. खरिपाची ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडली की कणसं काळी पडतात, आणि काळ्या ज्वारीला व्यापारी हात लावत नाही. पाखरं आहेत, रानडुकरं आहेत, कापायला आणि कणसं खुडायला मजूर मिळत नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत निघतं आणि थेट मोंढ्यात विकलं जातं. पूस आणि इसापूरच्या धरणांचं पाणी जिथे पोचलं तिथे रब्बीत गहू आला. ज्वारी पेरायची कशासाठी, तर ढोरांच्या कडब्यासाठी; आणि ट्रॅक्टर आल्यावर ढोरंही गेली. हे सगळं समजण्यासारखं आहे. न समजण्यासारखं एवढंच, की हे होत असताना सरकारनं एका हातानं 'मिलेट' वर्ष साजरं केलं आणि दुसऱ्या हातानं गावोगाव फक्त गहू-तांदूळ वाटला.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याच्या परिशिष्टात तीन भाव लिहिले होते: तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया. भरड धान्यात ज्वारी, बाजरी, नाचणी येतात. कायद्यानं सगळ्यात स्वस्त ठेवलं ते धान्य आमच्या रेशन दुकानात सगळ्यात दुर्मीळ आहे. महाराष्ट्रात अधूनमधून काही जिल्ह्यांत गव्हाच्या बदल्यात ज्वारी वाटली जाते. खरेदी झाली तर येते, नाही झाली तर नाही. शेजारच्या कर्नाटकानं मात्र दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत नाचणी आणि उत्तरेकडच्या जिल्ह्यांत ज्वारी रेशनवर देण्याची घडी बसवली आहे. २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट झालं, ही मोठी गोष्ट. पण सिलिअ‍ॅकच्या रोग्याच्या घरी त्यातला गहू फुकट मिळूनही निरुपयोगी. तो तांदूळ खातो आणि बाकी बाजारातून विकत आणतो.

आता केशरी कार्डांचं. यवतमाळसह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना पूर्वी सवलतीचा गहू-तांदूळ मिळायचा. २०२३ साली त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचं ठरलं. धान्य बंद केल्याबद्दल लोक चिडले आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. त्या रकमेत माणशी जेमतेम तीन किलो ज्वारी येते. पण निदान त्यातून ज्वारी घेता येते. डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्या रोग्याला त्याच्या वाट्याच्या गव्हाइतकी ज्वारी द्या, एवढी एक ओळ पुरवठा खात्यानं आदेशात घातली तर कुणाचं काय बिघडणार आहे? इटलीत २००५ च्या कायद्यानं सिलिअ‍ॅकच्या रोग्यांना अशा खाण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते. ब्रिटनमध्ये ग्लुटेन नसलेला पाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत आला आहे. आपल्याला पावाची गरज नाही. ज्वारी द्या.

पैशाचा हिशेब मांडून दाखवतो. मोठ्या माणसाला दिवसाला चारशे ग्रॅम पीठ धरा, महिन्याला बारा किलो होतं. 'ग्लुटेन-फ्री' म्हणून विकलं जाणारं पाकिटातलं पीठ किलोला दीडशे-दोनशेच्या घरात पडतं. दीडशेनं धरलं तर एका माणसाचे अठराशे, दोनशेनं धरलं तर चोवीसशे. ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला हायब्रीडसाठी ३,६९९ आणि मालदांडीसाठी ३,७४९ रुपये आहे. किलोला साडेसदतीसच्या आत. दुकानदाराचा नफा, वाहतूक, दळणावळ धरून पन्नास-साठ म्हणा. बारा किलोचे सहाशे-सातशे. हा फरक मजुरी करणाऱ्या घरात शाळेची फी आणि औषधांचा असतो.

आणि पाकिटात असतं काय? तांदळाचं पीठ, मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च, चिकटपणासाठी गम. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं, जवळपास गव्हाइतकं, आणि तंतूही भरपूर. झिजलेल्या आतड्याच्या लेकराला स्टार्च आणि साखरेची बिस्किटं महागात विकत घेऊन देण्यापेक्षा भाकर, वरण आणि वर तूप द्यावं. प्रवासात, वसतिगृहात, जिथे चूल आपल्या हाती नाही तिथे पाकिटाचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही.

सगळी गोष्ट येऊन अडते ती चक्कीशी. पुसदच्या मोठ्या चक्क्यांवर गव्हाचे दगड वेगळे आणि ज्वारी-डाळीचे वेगळे असतात, असं पुष्कळदा सांगितलं जातं. गर्दीच्या वेळी कोण कुठे ओततं ते उभं राहून बघा. दगडांच्या मध्ये पीठ राहतं, कापडी नळीत राहतं, आणि पिठाचा धुरळा सगळ्या खोलीभर असतो. समजा दहा किलो ज्वारीत आधीच्या गव्हाचं मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम पीठ मिसळलं. त्यात साधारण चार ग्रॅम ग्लुटेन आलं. किलोला ४०० मिलिग्रॅम. भारतात एखाद्या पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' असं छापायचं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मूठभर पिठानं वीसपट झालं. त्या पिठाच्या भाकरी खाणाऱ्याच्या पोटात दिवसाला १६० मिलिग्रॅम ग्लुटेन जाईल, इटलीतल्या प्रयोगाच्या तिप्पट. भाकर ज्वारीची, पथ्य मोडलेलं, आणि घरात कुणाला पत्ता नाही. चक्कीवाल्याची यात चूक नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मग करायचं काय? ऐपत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा एक दाणा पडू देऊ नका. शेजारीण गहू घेऊन आली तर तिला कारण सांगून परत पाठवा. समजूतदार असेल तर रागावणार नाही. महिला व बालकल्याण विभागामार्फत जिल्हा परिषदांनी महिलांना अनुदानावर पिठाच्या गिरण्या दिल्या आहेत. ज्या घरात असा रोगी आहे त्या घराचा अर्ज यादीत वर असावा, अशी माझी मागणी आहे. घरघंटी नसेल तर आईचं जुनं जातं बाहेर काढा, पण त्यावर आजवर गहू भरडला गेला असेल तर नुसतं पुसून भागत नाही, टाकी लावून घ्या. मिक्सरमध्ये कण्या निघतात. तांदूळ तर दळावाच लागत नाही. चक्कीवरच जायची वेळ आली तर आधी किलो-दोन किलो तांदूळ दळून घ्यायचे, ते पीठ घरातल्या इतरांसाठी, आणि त्यामागून ज्वारी. यानं गहू कमी होतो, नाहीसा होत नाही, हे लक्षात ठेवूनच.

ज्वारी आणताना पीठ आणू नका, दाणा आणा. एकाच मळणीयंत्रातून, एकाच पोत्यातून गहू आणि ज्वारी फिरलेली असते. पांढऱ्या गोल दाण्यांत गव्हाचा लांबट दाणा चटकन दिसतो. सुपात पाखडून, परातीत पसरून निवडा. पंधरा दिवसांपुरतंच दळा, कारण जुन्या पिठाला चिकटी राहत नाही, भाकर चिरते, आणि मग घरातली नवी सून म्हणते हे आपल्याला जमत नाही. जमतं. ग्लुटेन नाही म्हणून हे पीठ ताणलं जात नाही. गरम पाण्यात भिजवून, चांगलं मळून, थापून करायचं. पोळ्या लाटण्याच्या आधी भाकरी उरकून घ्या. परात, तवा आणि पिठाचा डबा वेगळा. पोळपाट तर त्याच्या जवळही नको.

आता किराणा दुकान. तिथे सगळ्यात आधी हिंगाची डबी उलटी करून वाचा. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातला हिंग पिठात आणि डिंकात मिसळून विकतात; ते पीठ पुष्कळदा मैदा किंवा कणीक असतं. रोजच्या वरणात, भाजीत, सगळ्या घराच्या फोडणीत. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो मागा. दुकानदारानं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तो आणून ठेवतो. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूच्या पिठात तर असतोच. रवा, दलिया, शेवया, कुरड्या हे सगळं गव्हाचं. ओट्समध्ये मुळात अडचण कमी, पण ते गव्हाच्या शेजारी पिकतात आणि त्याच यंत्रांतून जातात. दुधात घालायच्या पावडरींत आणि कॉर्नफ्लेक्समध्ये 'माल्ट' लिहिलेलं दिसलं की ठेवून द्या. माल्ट बहुधा जवाचा. सोया सॉसमध्ये गहू असतो. फरसाणाची शेव बेसनाची खरी, पण ज्या कढईत कचोरी तळली त्याच कढईतली.

'मल्टिग्रेन' आणि 'मिलेट' हे दोन शब्द छापलेली पाकिटं सर्वांत जास्त फसवतात, आणि मला त्यांचाच सर्वांत जास्त राग येतो. पुढच्या बाजूला ज्वारीचं कणीस आणि मागे बारीक अक्षरांत पहिला घटक गव्हाचं पीठ किंवा मैदा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. जे पहिलं लिहिलंय ते सर्वांत जास्त. ऑक्टोबर २०२३ मध्ये जीएसटी परिषदेनं भरडधान्याच्या पिठावरचा कर ठरवताना किमान ७० टक्के भरड धान्य ही अट घातली. करासाठी ती ठीक. पण उरलेल्या ३० टक्क्यांत गहू असू शकतो. पाकिटावर अ‍ॅलर्जीची सूचना देणं कायद्यानं बंधनकारक आहे, तिथे 'गहू' किंवा 'ग्लुटेन' हा शब्द शोधा. हीच माहिती पुष्कळ पाकिटांवर फक्त इंग्रजीत असते. मराठी मुलखात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ती मराठीत का नसावी? जी आई रोज स्वयंपाक करते तिला वाचता यायला हवी.

उपवासाचं सामान ही आपल्या प्रत्येक किराण्यातली आयती ग्लुटेन नसलेली मांडणी आहे: भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. नवरात्रात आणि एकादशीला ते सहज मिळतं. पण साबुदाणा नुसता स्टार्च. रोजचं अन्न म्हणून तो लेकराला देऊ नका. राजगिरा चांगला, पण महाग. भगर त्यातल्या त्यात परवडणारी. दाणाच घ्या आणि धुऊन शिजवा. भगरीचं सुटं, शिळं पीठ घेऊ नका, त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा येतात.

घराबाहेर काय, हा अवघड प्रश्न. पंगतीत भात, वरण, बेसनाचा वडा चालतो, पण तो कोणत्या तेलात तळला हे आचाऱ्यालाच माहीत. सांभारवडीच्या पारीत मैदा घालतात. ढाब्यावरची भाकर मागताना पिठात कणीक मिसळली का ते विचारा. थापायला सोपी जावी म्हणून मिसळणारे आहेत. लग्नघरानं एवढं करावं: आधी कळवलेल्या माणसाचं ताट पुऱ्या तळायच्या आधी वेगळं काढून झाकून ठेवावं. त्याला खर्च येत नाही.

वसतिगृहातल्या आणि आश्रमशाळेतल्या लेकराचं काय? पुसदला आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे, आजूबाजूला विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळा आहेत. तिथे जेवणाची पसंती लेकराच्या हाती नसते. रक्ताची तपासणी करायला येणाऱ्या पथकानं, गोळ्या देऊनही ज्याचं हिमोग्लोबिन वाढत नाही अशा प्रत्येक मुलाची टीटीजी करावी. ज्याला रोग निघेल त्याच्यासाठी वेगळा तवा आणि ज्वारीचा वेगळा डबा, ही अधीक्षकाची जबाबदारी म्हणून कागदावर यावी. तोंडी सूचनेवर हे चालत नाही. स्वयंपाकीण बदलली की सूचना जाते.

बचत गटांना मी एक धंदा सुचवतो. फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ दळणारी एक चक्की. दारातच पाटी: इथे गहू आणू नये. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत २०२० पासून प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. चक्की, चाळणी, पॅकिंगचं यंत्र त्यात बसतं. अडचण पुढे आहे. पीठ कितीही स्वच्छ असलं तरी पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायला प्रयोगशाळेची तपासणी लागते, आणि प्रत्येक खेपेची तपासणी लहान गटाला झेपत नाही. मोठी कंपनी तो खर्च आठवडाभरात वसूल करते, गट करू शकत नाही. म्हणून बाजारात खात्रीचं पीठ फक्त महाग पीठ उरतं. तपासणीचा खर्च सरकारनं उचलावा, नमुने अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत जावेत, आणि गटाला तो शिक्का मिळावा. पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस या चार तालुक्यांना मिळून सुरुवातीला अशी एक चक्की पुरेल. हॉटेलं आणि मधुमेहाचे रोगीसुद्धा तिथूनच पीठ नेतील, त्यामुळे केवळ सिलिअ‍ॅकच्या रोग्यांवर ती चालवावी लागणार नाही. आणि तिला ज्वारी लागेल म्हणजे गटाला शेतकऱ्याशी पेरणीआधी भाव ठरवावा लागेल. काळी पडलेली ज्वारी चालणार नाही, पण चांगलीला हमीभावाच्या वर दोन रुपये देता येतील.

खरिपाची ज्वारी दिवाळीच्या मागेपुढे बाजार समितीत येते, रब्बीची होळीच्या सुमारास. ज्यांच्या घरी रोगी आहे त्यांनी तेव्हाच वर्षाची भरून ठेवावी, कडुलिंबाचा पाला घालून, गव्हाच्या कोठीपासून दूर. रेशनवर ज्वारीची मागणी करणारा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्यायचा. सोबत डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची.